मुलं आधी चेहरा वाचतात

सकाळी सहा

फेब्रुवारी संपत आला की हेमलकशात लवकर उजाडतं, गारठा मात्र साडेसातपर्यंत हटत नाही. चहाला उकळी येईपर्यंत मी टाचणवही उघडते. पहिलीला दोन अंकी संख्या, तिसरी-चौथीला परिसर अभ्यासातली झाडं, दुसरीला वाचन. हे सगळं टाचणात येतं, केंद्रप्रमुख ते बघतात आणि सही करतात. समासात मी पेन्सिलीनं आणखी एक ओळ लिहिते, ती माझ्यापुरती असते: काल वर्गात कोण बोललं नाही. पहिलीतला एक मुलगा त्या समासात सारखा येतो. शाळा बुडवत नाही, सांगितलेलं करतो, पण वर्गात तोंड उघडत नाही. मैदानात त्याचाच आवाज सगळ्यांच्या वर असतो. म्हणजे बोलता येत नाही असं नव्हे. उंबरठा ओलांडला की त्याला बोलावंसं वाटत नाही, आणि हा प्रश्न त्याचा नाही, आमचा आहे.

आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, हेमलकशापासून आत जंगलात एका टोल्यावर. सहा वर्षांचं मूल येतं आणि दहा वर्षांचं होऊन जातं. त्याला वाचता-लिहिता यावं म्हणून सरकार मला पगार देतं. पण अक्षर ओळखू येण्याच्या कितीतरी आधी ते माझ्याकडून एक गोष्ट शिकून मोकळं होतं: आपलं घर, आपली माणसं, आपलं खाणं-बोलणं अभिमानाचं आहे की लपवायचं. ती कुठल्याच टाचणात नसते. मी शिकवायची नाही असं ठरवलं तरी ती शिकवली जातेच.

साडेनऊ

आलापल्ली-भामरागड रस्त्याला लागलं की लोकबिरादरी प्रकल्पाचं आवार दिसतं. 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमट्यांनी इथं हे काम सुरू केलं तेव्हा हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा झाला 1982 साली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे दवाखाना थाटून बसले आणि 1976 मध्ये शाळा सुरू झाली.

दवाखान्यावर माणसाचा विश्वास बसायला एक बरा झालेला रोगी पुरतो. शाळेचं तसं नाही. घरी असलेला पोरगा गुरं राखतो, धाकटं भावंड सांभाळतो, नदीवरून मासे आणतो. तो शाळेत गेला की घरातले दोन हात कमी होतात, आणि बदल्यात काय मिळणार ते आईबापाला दिसत नाही. कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून मुलं गोळा केली. ती पळून घरी गेली. पुन्हा समजूत काढून आणली. आज आमच्याकडे पटनोंदणीची मोहीम म्हणतात ती त्यांनी जंगलातल्या पायवाटांवरून केली होती.

या शाळेविषयी बोलताना लोक पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक झालेल्या माडिया मुलांचं कौतुक करतात, आणि ते करायलाच हवं. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. आमटे दांपत्यानं दिगंत आणि अनिकेत या आपल्या मुलांना याच शाळेत घातलं. नागपूर-पुण्याच्या शाळा त्यांना बंद नव्हत्या. डॉक्टरांचा मुलगा आपल्या शेजारी बसतो, तोच फळा बघतो, आपल्यासारखाच चुकतो आणि ओरडा खातो, हे ज्या माडिया मुलानं रोज पाहिलं त्याला समता या विषयावर वेगळा पाठ लागला नसेल. आणि शेजारच्या त्या दोन मुलांनाही लागला नसेल. अंगावर पुरेसं कापड नसलेल्या माणसांत आपण पूर्ण कपड्यांत वावरायचं नाही असं ठरवून प्रकाशभाऊंनी हाफपँट आणि बनियन हाच आयुष्यभराचा पोशाख केला. मूल भाषण ऐकत नाही, ते आपले कपडे बघतं, आपण कुठं बसतो ते बघतं.

साडेदहा

गाडी दिसली की मुलं कुंपणापर्यंत धावत येतात. "जोहार मॅडम!" मीही जोहार म्हणते आणि उतरल्यावर थोडी वाकते, कारण सहा वर्षांच्या मुलाला माझा चेहरा खालून बघावा लागला तर तो नेहमी रागावलेलाच दिसणार.

परिपाठ होतो. मग हजेरी. हजेरी मी पळवत नाही. नाव घेतलं की मान वर करून त्या मुलाकडे बघते, आणि त्याची आजी ज्या सुरात हाक मारते त्याच सुरात ते नाव घ्यायचा प्रयत्न करते. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजीच मुलाला एखादं 'बरं' नाव देऊन टाकत. अशी दोन नावांची माणसं आजही भेटतात, एक घरचं आणि एक दाखल्यावरचं. ज्या दिवशी मुलाचं नाव बदललं जातं त्या दिवशी त्याला काय कळत असेल याचा मी पुष्कळ विचार करते.

तिसरीतली एक मुलगी धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन आली आहे. आई तेलंगणात मिरची तोडायला गेली आहे. बहीण नको म्हटलं तर मुलगीही येणार नाही. तेव्हा मागच्या भिंतीजवळ सतरंजी टाकायची आणि हातात एक खडू द्यायचा, इतकं सोपं आहे ते. कोसबाडला अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली होती. मुलाच्या गळ्यात जे काम आहे ते गुन्हा नाही, हे त्यांनी न बोलता मान्य केलं होतं. मीही या मुलीला उशीर का झाला असं सगळ्यांसमोर विचारत नाही. भावंड सांभाळून, पाणी भरून ती इथं पोचली आहे.

आता माझी खरी परीक्षा. वर्गात दोन-तीन मुलं अशी असतात ज्यांच्या घरी मराठी बोललं जातं. एखाद्याचे वडील वनखात्यात असतात, एखाद्याचं दुकान असतं. प्रश्न विचारला की त्यांचा हात आधी वर जातो. उत्तरही बरोबर येतं आणि पाठ पुढे सरकतो. शिक्षकाचा जीव तिकडेच ओढ घेतो. बाकीच्या मुलांसमोर तोच शिक्षक एक क्षण थांबतो आणि नजर काढून घेतो. तो क्षण मुलं मोजतात.

1968 मध्ये रॉबर्ट रोझेंथल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. शिक्षकांना त्यांनी सांगितलं होतं की चाचणीवरून पाहता ही ही मुलं लवकरच झेप घेणार. नावं खरं म्हणजे कुठलाही निकष न लावता उचललेली होती. वर्षअखेरीला पहिली-दुसरीतली ती मुलं खरोखरच इतरांच्या पुढे गेलेली आढळली. पुढे या आकड्यांवर बराच वाद झाला आणि परिणाम सांगितला तेवढा मोठा नसतो असं इतर अभ्यासकांनी दाखवलं. मला मोठ्या आकड्याची गरज नाही. शिक्षकाच्या अपेक्षेतला थोडासा फरकही त्याच मुलाच्या वाट्याला रोज, तासातासाला येत असेल तर चार वर्षांत त्याचा किती डोंगर होईल, एवढंच मला पुरतं. म्हणून प्रश्न विचारल्यावर मी मनात दहापर्यंत अंक मोजते आणि सगळ्यांसमोर तेवढाच वेळ थांबते. दुकानदाराच्या मुलासमोरही आणि त्या न बोलणाऱ्या मुलासमोरही. आज तो खाली बघत राहिला. ठीक आहे.

साडेअकरा

पानगळीचे दिवस. शाळेमागचं जंगल पानांनी भरलेलं आहे. चारही वर्ग एकत्र करून आम्ही बाहेर गेलो आणि प्रत्येकानं हाताला लागतील तेवढी वेगवेगळी पानं आणली. वर्गात मधोमध ढीग झाला. खेळ असा: डोळ्यांवर रुमाल बांधायचा, हातात पान द्यायचं, बोटांनी चाचपून आणि वास घेऊन झाड ओळखायचं.

पहिलं राज्य माझ्यावर. सागाचं पान कुणालाही कळेल, ते खरखरीत आणि भलंमोठं. मोहाचंही ओळखलं. तेंदूच्या पानाला मी ऐन म्हटलं आणि वर्ग हसून लोटपोट झाला. मॅडमला येत नाही हे त्यांना फार आवडलं. मला ते हवंच होतं. ज्या मुलांना शाळेत दिवसभर आपल्याला काय येत नाही तेवढंच कळत असतं, त्यांना शिक्षकाला न येणारी आणि आपल्याला येणारी एक तरी गोष्ट फळ्यासमोर दिसली पाहिजे.

मग रुमाल फिरत फिरत त्या मुलाकडे आला. मी काहीच बोलले नाही, फक्त पान त्याच्या तळव्यावर ठेवलं. त्यानं ते अंगठ्यानं शिरेवरून देठापर्यंत चाचपलं, नाकाला लावलं आणि नाव सांगितलं. माडियात. दुसरं पान. पुन्हा माडियात. पाच-सहा पानं झाली, एकही चुकलं नाही. शेवटचं एक पान मोडकं आणि अर्धं किड्यांनी खाल्लेलं होतं. त्यानं ते कानाशी नेलं, चुरगळून आवाज ऐकला आणि मग बेहड्याचं नाव घेतलं. पान आवाजावरून ओळखतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात चौथीतला एकजण म्हणाला, "मराठीत सांग ना रे."

तो मुलगा वाईट नाही. तोही माडियाच आहे, त्याच्याही घरी हीच भाषा बोलतात. चार वर्षांत तो शाळेत जे शिकला तेच त्यानं धाकट्याला सांगितलं. कुणी तरी, कधी तरी, अगदी प्रेमानंसुद्धा, त्याला हेच म्हटलं असणार. रुमालाखालचं तोंड मिटलं. मी फळ्याकडे गेले, मधोमध रेघ मारली, डावीकडे त्यानं सांगितलेली नावं देवनागरीत लिहिली आणि उजवी बाजू मोकळी ठेवली. चौथीतल्या त्या मुलाला म्हटलं, "हे तर झालं, पूर्ण मार्क. आता उजवीकडचं तू लिही." त्याला चारच आली. उरलेली मी माझ्या सहकारी सरांना विचारली. ते याच तालुक्यातले, माडिया बोलणारे. फळा भरला. डाव्या बाजूची नावं मुलांनी आधी वहीत उतरवून घेतली, कुणी न सांगता.

मराठी त्यांना यायलाच हवी, उत्तम यायला हवी. दवाखान्यात, बँकेत, कचेरीत ती नाही आली तर त्यांना कुणीही फसवेल. पण मराठी येण्यासाठी आपल्या भाषेची लाज वाटावी लागते, हे कुणी ठरवलं? धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. एवढा खटाटोप एका गावाला का करावासा वाटला, याचं उत्तर आम्ही नेमणुकीवर आलेल्या शिक्षकांनी आपापल्या वर्गात शोधायला हवं.

दीड

खिचडी. स्वयंपाकाच्या ताईंना मी ताईच म्हणते आणि अहो-जाहो करते. मुलं मला जशी हाक मारतात त्याच आदरानं त्यांना मारतात. हे कुणी शिकवलेलं नाही. ताटं घासायला मुली आपोआप उठायच्या, आता पाळी ठरली आहे, मुलगेही घासतात. मी मुलांच्या रांगेतच बसते, तेच खाते.

चौथीतल्या एका मुलीनं पानात बांधून आणलेली चटणी हळूच सोडली. लाल मुंग्यांची, मिरची आणि मीठ घालून वाटलेली. शेजारचा मुलगा नुकताच आलापल्लीच्या नातेवाइकांकडे राहून आला होता. तो म्हणाला, "छी, मुंग्या!"

मुलीनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं.

त्या एका नजरेत तिला निकाल हवा होता, आणि तो माझ्या तोंडून नव्हे तर माझ्या नाकावरून वाचायचा होता. मी नाक किंचित जरी मुरडलं असतं तरी ती चटणी पुन्हा शाळेत आली नसती, आणि संध्याकाळी घरी तिनं आईच्या हातच्या ताटाकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं असतं. "मला देशील थोडी?" म्हणून मी हात पुढे केला. खिचडीसोबत ती फार छान लागते, कैरीसारखी आंबट. मग घरटं झाडावरून कसं उतरवतात असं मी विचारलं, तर सगळ्यांत रंगून सांगितलं ते 'छी' म्हणणाऱ्यानंच. अंगाला राख चोळून चढायचं, खाली कापड धरायचं. तोही चढलेला होता. आलापल्लीच्या चार दिवसांत त्यानं ते विसरायला घेतलं होतं.

मूल तिरस्कार किती झपाट्यानं उचलतं हे बघायचं असेल तर जेन एलियट यांच्या वर्गात जावं. 4 एप्रिल 1968 ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि दुसऱ्या दिवशी आयोवातल्या राइसव्हिल या छोट्या गावात या बाईंनी आपल्या तिसरीच्या मुलांचे डोळ्यांच्या रंगावरून दोन गट केले. एका रंगाची मुलं हुशार, त्यांना खेळायला जादा वेळ, जेवणात दुसरी वाढ. दुसऱ्या रंगाची कमी दर्जाची. काही तासांत मित्र मित्रांना हिणवू लागले आणि 'कमी' ठरलेली मुलं अभ्यासातही चुकू लागली. पुढे बाईंनी गट उलटे केले तेव्हा तेच उलट्या बाजूनं घडलं. असा प्रयोग मी मुलांवर करणार नाही. आठ वर्षांच्या जिवाला एक दिवससुद्धा तसं वाटायला लावण्याचा हक्क मला नाही. पण तो वर्ग मला रोज आठवतो. तिथं सगळं घडलं ते बाईंच्या शब्दावर. आमच्याकडे शब्दही लागत नाही.

अडीच

दुसरीच्या वाचनात एकाच्या खिशातून गुलेर पडली. आजूबाजूच्यांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा तेच बघणं.

इथं माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसानं फार जपून पाऊल टाकावं. पाखरू मारणं पाप आहे असं मी म्हटलं तर ते मूल घरी जाऊन बापाकडे बघेल, आणि त्याचा बाप जंगलातून जे आणतो त्यावर हे घर पिढ्यानपिढ्या जगलेलं आहे. हेमलकशाचा अनुभव मला इथं वाट दाखवतो. शिकार करून परतणाऱ्या माडिया लोकांकडे प्रकाशभाऊंना एक मेलेली माकडीण दिसली, तिला बिलगलेलं पिल्लू जिवंत होतं. त्यांनी ते मागून घेतलं आणि वाढवलं, तीच बबली. पुढे अस्वलं, बिबटे, हरणं येत गेली आणि प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. भुकेसाठी शिकार करणाऱ्याला त्यांनी पापी ठरवलं नाही. पिल्लू कसं वाढतं, माणसाच्या अंगाखांद्यावर कसं खेळतं, ते लोकांच्या डोळ्यांसमोर घडत राहिलं. मुलं ते बघत मोठी झाली.

मी गुलेर उचलून परत त्याच्या हातात दिली आणि बोअरिंगच्या सांडपाण्यावर हल्ली कोणती पाखरं येतात ते विचारलं. त्यानं सात-आठ सांगितली. घरटी कुणाची चालू आहेत? तेही माहीत. मग मुलांमध्येच बोलणं सुरू झालं आणि शेवटी ठरलं की बोअरिंगवर पाणी प्यायला येणाऱ्या पाखरावर नेम धरायचा नाही. पाणी पिणाऱ्याला मारू नये असं त्याचे आजोबा म्हणतात, असं एकानं सांगितलं. मला नियम बनवावा लागला नाही. तो त्यांच्या घरात होताच, शाळेनं विचारायला उशीर लावला होता.

साडेचार

पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, दोन तक्ते. रेंज येईल तिथं उभं राहून भरायचे.

सव्वापाच

पालकांना शाळेत बोलावलं की ते भिंतीला टेकून उभे राहतात, म्हणून मीच गावात जाते. त्या मुलाच्या अंगणात आजोबा बांबूच्या कामट्या सोलत बसले होते, मासे धरायची टोपली चालली होती. आई कोसरी निवडत होती. पोरानं आज वर्गात झाडं ओळखली, पान कानाला लावून ओळखलं, असं मी सांगितलं. आजोबा हसले, ते त्यांनीच शिकवलेलं होतं. आई हसली नाही. थोडा वेळ सूप पाखडत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, शिकून मोठा झाल्यावर तो आमाले वळखन ना?"

गावात शिकलेली पोरं तिनं पाहिली आहेत. सणाला येतात, उभ्या उभ्या बोलतात, पाणी बाटलीतलं पितात. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे आश्वासन नाही. चार वर्षं माझ्या हातात आहेत, पुढची नाहीत. मी एवढंच म्हटलं की उद्या आजोबांना शाळेत पाठवा, टोपली विणायला शिकवायला.

"मले काय येते शाळेतलं?" आजोबा म्हणाले.

त्यांच्या बोटांखाली कामट्या पडत होत्या, एका मापाच्या, एका जाडीच्या. उद्याच्या गणिताला मला त्याच हव्या होत्या. मुलगा आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. शेवटी ते तयार झाले, पण खुर्चीवर बसणार नाही म्हणाले, खाली बसणार. मी म्हटलं, मग मीही खालीच बसेन. बांबू ओला हवा, तो रात्रीच पाण्यात टाकून ठेवावा लागेल. मुलांच्या हाती कोयता द्यायचा की नाही यावर मात्र आमचं जमेना. त्यांच्या मते पहिलीतल्या पोरालाही तो धरता यायला हवा, मी चौथीच्या खाली यायला तयार नव्हते. चौथीपासून सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी विणायचं, यावर मिटलं. स्वयंपाकाच्या ताईंचं घर वाटेतच आहे. उद्या एक ताट जास्त लागेल असं त्यांना सांगून मी गाडी हेमलकशाकडे वळवली.